बंद पडणे म्हणजे हरणे काय?

आमच्या श्रीरामपुरात पदरमोड करून एखादा अंक काढायचा म्हटले, की पहिला प्रश्न येतो, 'किती दिवस चालणार?' टिकण्यालाच आपण यश समजतो. हे बरोबर आहे काय?

१९६४ मध्ये मुंबईत टाइम्स समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले, ते परदेशी वेताळाच्या कथांनी. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी त्यात 'बहादूर' आणला. बहादूर डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेला, आणि पोलीस अधिकाऱ्यानेच मुलाला वाढवले. पुढे तोच डाकूंपासून गावांचे रक्षण करू लागला. बापाचा गुन्हा मुलाच्या माथी मारू नये, हे इथे उपदेशाविना सांगितले गेले. नावावरून, मोहल्ल्यावरून माणूस जोखला जातो, तिथे ही गोष्ट लहान नाही.

१९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद पडले. एवढ्या मोठ्या घराचे प्रकाशन थांबते, तर छोट्या प्रकाशकाने थांबण्याची लाज का बाळगावी? चित्रकाराचे, छापखान्याचे पैसे बुडवणे ही हार. सर्वांचा हिशेब चुकता करून, एक खरी गोष्ट वाचकाच्या हाती ठेवून थांबणे, ही हार नव्हे.