न मागितलेली ठेव

ज्याने वस्तू ठेवली तो हयात नाही आणि ती मागायला कुणी दारात येणार नाही, अशी ठेव सांभाळताना माणसाच्या सचोटीचा खरा कस लागतो. आणि भूमीच्या पोटात काळाने जे राखले आहे, साधकहो, ते सारे अशीच ठेव आहे.

ईजिप्तमध्ये १८५८ साली पुरातत्त्व खाते ओग्यूस्त मारिएत या फ्रेंच संशोधकाच्या हाती आले आणि १९५२पर्यंत त्याचे प्रमुखपद फ्रेंचांकडेच राहिले. त्या काळात सापडलेल्या वस्तूंची परदेशी उत्खनकांशी वाटणी होत असे, आणि १९१२मध्ये अमार्ना येथे लुडविग बोर्खार्ट यांना मिळालेला नेफर्टिटीचा अर्धपुतळा त्याच वाटणीतून जर्मनीला गेला. ठेवीवर वाटा सांगणारे होते, तसे तिचे मोल जाणणारेही होते: फ्लिंडर्स पेट्री यांनी खापरांच्या घडणीतील बदल पाहून थडग्यांचा कालक्रम लावला, म्हणजे इतरांनी फेकून दिले असते तेही त्यांनी ठेव मानले.

आता आपल्याकडे वळू. पुण्याच्या खराडीतून जाणारा नगर रस्ता शिरूरला पोहोचतो आणि त्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या अभ्यासकांनी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उलगडली. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत निजवलेली बाळे निघाली, आणि मातीच्या डबीत जपून पुरलेली, मस्तक नसलेली देवीही निघाली. श्रद्धेने ज्यांनी ती पुरली त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नाही, भाषाही नाही. तेव्हा पुण्याहून गेलेले अभ्यासकही त्या घरात परकेच होते.

येथे ठेवीचा आणखी एक पदर सुटतो. आस्वानच्या धरणाने न्यूबिया बुडणार म्हणून युनेस्कोने १९६०मध्ये हाक दिली, तेव्हा बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पथकही तेथे खणायला गेले, म्हणजे आपणही ईजिप्तमध्ये परदेशी उत्खनक झालो. परकेपण पारपत्रावर ठरत नाही. गतकाळापुढे प्रत्येक खणणारा परकाच असतो.

शिवाय खणलेला थर पुन्हा रचता येत नाही, म्हणून उत्खनन ही ठेव उघडण्याची एकमेव संधी असते. कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती याची नोंद निष्ठेने ठेवून ती पुढच्यांच्या हाती देणे, हीच या ठेवीची परतफेड. ज्याला ठेवीचा धर्म कळला त्याला सापडलेल्या वस्तूचा अभिमान होत नाही, तिची जबाबदारी वाटते. आणि जी भूमी, जो देह, जी विद्या आपण आपली म्हणतो, त्यांच्याशीही त्याने याच भावाने वागावे.