सागरतळाची साक्ष

हवामानाच्या बदलाची गोष्ट निघाली म्हणजे आमच्या सुशिक्षित मंडळींत दोन उत्तरें ठरलेलीं असतात. पहिलें असें कीं, हवामान पूर्वींही बदलत आलें आहे; त्या काळीं गिरण्या नव्हत्या, मोटारी नव्हत्या; मग आजच्या बदलाचा दोष मनुष्यावर कां ठेवावा? दुसरें असें कीं, दोष असलाच तर तो अवघ्या जगाचा. त्यांत अंधेरी-बोरिवलीच्या एखाद्या कुटुंबाचा वांटा तो किती, आणि तो निवडून काढणार कोण? दोन्ही उत्तरें वरवर पाहतां सयुक्तिक दिसतात. परंतु ज्या शास्त्राच्या आधारावर पहिलें उत्तर दिलें जातें, तेंच शास्त्र दोहोंचेंही खंडन करतें, असें आमचें मत आहे. तें शास्त्र म्हणजे खोल समुद्राच्या तळाशीं सांचलेल्या गाळाचें.

सन २०१५ च्या मार्चअखेर ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ नांवाचें संशोधन-जहाज कोलंबोहून निघालें आणि दोन महिन्यांनीं मुंबईस येऊन लागलें. आज राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गोव्याच्या संस्थेचे डॉ. धनंजय पांडे आणि अमेरिकेंतील लुइझियाना राज्य विद्यापीठाचे डॉ. पीटर क्लिफ्ट हे त्या सफरीचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. आमच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारें ४७५ किलोमीटरांवर, लक्ष्मी द्रोणी नांवाच्या सागरी खोलगटींत, ३,५०० मीटरांहून अधिक पाण्याखालीं त्यांनीं दोन ठिकाणीं तळ वेधला, आणि दोन्ही ठिकाणीं ते तळाच्या आंत १,१०० मीटरांहून खोल गेले.

वर आलेल्या या गाळाचें कुल कसें ओळखावें? हिमालयाची झीज सिंधु नदी समुद्रांत आणते. तिच्या चिखलांत इलाइट व क्लोराइट हीं खनिजें विपुल असतात. दख्खनच्या काळ्या बसाल्टाची झीज नर्मदा-तापी नेतात. तींत स्मेक्टाइट अधिक. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच बसाल्टाची, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याची, बनलेली आहे. शिवाय निओडिमियम या धातूच्या समस्थानिकांचें परस्पर प्रमाण खडकाच्या जन्मखुणेसारखें असतें. खडकाचें पीठ झालें, तें शेंकडों कोस वाहत गेलें, तरी ती खूण फारशी पुसत नाहीं. अशा खुणांवरून लक्ष्मी द्रोणींतील बहुतेक गाळ सिंधूनें आणलेला ठरला. पण कांहीं थरांत आमच्या द्वीपकल्पाचा वांटाही ओळखूं आला. एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वीं भारताच्या सागरी उतारावरून कोसळलेल्या एका प्रचंड दरडीचा जाड थरही तेथें सांपडला.

याच अरबी समुद्राच्या गाळांत गत हवामानाचा जमाखर्चही लिहिलेला आहे. फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांत जड व हलक्या ऑक्सिजनचें जें प्रमाण असतें, त्यावरून पूर्वींच्या समुद्राची उष्णता आणि भूमीवरील बर्फाचा सांठा यांचा अदमास बांधतां येतो. नैर्ऋत्य वारे जोराचे असले म्हणजे अरबस्तानच्या किनाऱ्याशीं खालचें थंड पाणी वर येतें, व त्यांत वाढणाऱ्या एका विशिष्ट जातीचीं कवचें गाळांत वाढतात. त्यांच्या गणनेवरून असें दिसतें कीं, सुमारें वीस हजार वर्षांपूर्वींच्या हिमयुगांत आमचा मान्सून दुर्बळ होता. पुढें दहा हजार वर्षांपूर्वींच्या सुमारास तो प्रबळ झाला. या बदलास पृथ्वीच्या आंसाचें मंद डोलणें व बर्फाची घटवाढ हीं मुख्य कारणें होत.

आतां पहिल्या उत्तराकडे वळूं. हवामान पूर्वीं बदललें हें खरें. पण तें कारणावांचून बदललें नाहीं, हेंच गाळ सांगतो. सूर्यप्रकाशाच्या वांटणींत अल्पसा फरक झाला, आणि त्याच्या परिणामीं सबंध मान्सूनची चाल पालटली. ज्याची प्रकृति नाजूक असल्याचें पूर्वींच्या दुखण्यांवरून सिद्ध झालें आहे, त्यानें पथ्य अधिक पाळावें, कीं ‘मी पूर्वींही आजारी पडत असें’ म्हणून कुपथ्य करावें? तात्पर्य, गतकाळाची साक्ष आम्हांस निर्दोष ठरवीत नाहीं. उलट अधिक सावध करते.

दुसरें उत्तर याहून चतुर आहे. पण मिसळलें म्हणजे मूळ नाहींसें झालें, हा त्यांतील सिद्धांतच खोटा आहे. तीन-साडेतीन हजार मीटर पाण्याखालीं लाखों वर्षें एकत्र पडलेले कण जर आपलें कुल सांगतात, तर हवेचीही तीच गोष्ट. कोळसा व खनिज तेल हीं फार प्राचीन जीवांचीं अवशेषें असल्यामुळें त्यांत कार्बन-१४ उरलेला नसतो, व कार्बन-१३ चें प्रमाणही कमी असतें. हवेंतील कार्बन डायऑक्साइड दर दहा लक्ष भागांत २८० होता, तो आज ४२० च्या वर गेला आहे. आणि वाढीबरोबर हवेंतील कार्बनची घडणही त्या जळणाच्या बाजूस झुकत गेली आहे. धुरासही जन्मखूण आहे.

तथापि वांटा ओळखणें आणि दोष ठरविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. कणास इच्छा नसते, मनुष्यास असते. घाटकोपरच्या चाळींतून लोकलच्या दांडीस लोंबकळत कामास जाणारा मजूर आणि एका माणसासाठीं आख्खी मोटार रस्त्यावर आणणारे आम्ही, यांना एकाच तराजूंत तोलणें अन्याय्य होईल. मोजमाप शास्त्रानें करावें; गरज कोणती व चैन कोणती हा निवाडा मात्र नीतीचा. तसेंच २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो सगळा आमच्या धुराच्या माथीं मारणें हाही न्याय नव्हे. पण मिठी नदीचें पात्र भरावानें, बांधकामानें आणि कचऱ्यानें आंखडलें, हें मात्र निसर्गाचें कृत्य नव्हतें.

आमच्या दर्शनकारांनीं कर्मविचारांत दोन दोष टाळावयास सांगितले आहेत: कृतनाश आणि अकृताभ्यागम, म्हणजे केलेल्या कर्माचें फळ कर्त्यास न मिळणें, व न केलेल्याचें फळ दुसऱ्यास भोगावें लागणें. अशी व्यवस्था न्याय्य म्हणतां येणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आज आम्ही नेमकी तीच व्यवस्था उभी करीत आहों. उपभोग आमचा, त्याचें फळ अद्याप न जन्मलेल्या पणतवंडांचें. पितृऋण संततीच्या द्वारें फेडावयाचें असतें, असें आम्ही मानतों. तर मग संततीच्या नांवें नवें ऋण काढून ठेवणारी पिढी पितरांनाही बुडवते, हें उघड आहे.

म्हणून ‘माझा वांटा तो केवढा?’ हा प्रश्न आम्ही टाळूं नये. तो खऱ्या अर्थानें विचारावा, आणि उत्तर आल्यावर त्यांतील चैनीचा भाग सोडावा. वांटा लहान असेल. पण लहान म्हणून तो नाहींसा होत नाहीं. सागरतळाशीं जो थर जमला आहे, तो अशाच लहान कणांचा आहे.