माती मोजायची कशासाठी?

वर्धा खोऱ्यातली कोळशाची उघडी खाण वाढवायची आहे. त्याआधी वरच्या जमिनीची प्रत ठरवावी का, एवढाच वाद. शेतपक्ष मांडणारा अर्थातच प्रस्तुत लेखक. खाणपक्षाला तो शक्य तितकं मोकळं बोलू देणार आहे.

शेतपक्ष: वणी, माजरी, बल्लारपूरच्या पट्ट्यातल्या कोळशाला उष्मांकानुसार 17 श्रेण्या आहेत. एका श्रेणीचा फरक निघाला तरी वीज केंद्र आणि कोळसा कंपनी भांडत बसतात. त्याच कोळशावरच्या जमिनीला मोबदला ठरवताना विचारतात ते मुख्यतः एवढंच, की ओलिताची की कोरडवाहू? ही मोजणी मातीची नव्हे, विहिरीची. मीटरभर खोल काळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते आणि ओलीत नसतानाही हरभरा देते. शेजारच्या बरडीला वीतभर खाली मुरूम लागतो, आणि पाऊस ओढला की पीक माना टाकतं. कागदावर दोन्ही कोरडवाहू. या भागातल्या जुन्या बंदोबस्तात काळी, मोरंड, खरडी, बरडी असे भेद पाहून सारा बसवत. सारा बसवताना असलेली नजर जमीन घेताना का नसावी? देशभरच्या मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे, इथल्या खाणी चालवणाऱ्या सरकारी कोळसा कंपनीचं, वेकोलिचं, मुख्यालयही नागपुरातच. एकीचे नकाशे दुसरीच्या टेबलावर जायला फार प्रवास नाही.

खाणपक्ष: नजर होती, कारण चांगल्या जमिनीतून जास्त ओरपायचं होतं. प्रतवारीचा जन्म दयेतून झालेला नाही, हे आधी मान्य करा. आणि मोजून करणार काय? कोळशाचा थर वरची माती बघून वळत नाही. वेकोलिची मूळ कंपनी कोल इंडिया, तिच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. काळीच्या दोन एकरांना एक, बरडीच्या दोन एकरांनाही एकच. पिढ्यान्‌पिढ्या हलक्या जमिनीत राबलेल्या माणसाला काळीवाल्याच्या बरोबरीला बसवणारा हाच एक हिशेब आहे, आणि तुम्ही तोच मोडायला निघालात.

शेतपक्ष: मोडायचा नाही. प्रत मोबदल्यासाठी नकोच. खड्डा कुठे जाऊ नये, हे ठरवण्यासाठी हवी. बसाल्ट झिजून तयार झालेली ही चिकण माती दर उन्हाळ्यात भेगाळते, दर पावसाळ्यात फुगते, आणि असं होत होतच तिची घडण होते. वरचा थर वेगळा काढून ठेवा आणि नंतर पसरा, अशी अट पर्यावरण मंजुरीत असते. पसरलेल्या मातीवर झाडं लागतात, गवत येतं. पण खालपर्यंतची ती घडण ढिगाऱ्यात जपून ठेवता येत नाही. बरडीचं नुकसान बऱ्याच अंशी भरून काढता येईल, काळीचं नाही. म्हणून भेद.

खाणपक्ष: म्हणजे काळीवाल्याच्या मुलाला नोकरी नाही. जमीन चांगली निघाली हा त्याचा गुन्हा. खाण बांधापर्यंत येणार, धूळ त्याच्याच कापसावर बसणार, विहीर त्याचीच खोल जाणार, आणि प्रकल्पग्रस्त म्हणून दाखला मिळणार शेजारच्याला. तिकडे बरडीवाला विचारेल, माझी माती हलकी म्हणून माझंच गाव उठवायचं? हलकी जमीन कोणाच्या वाट्याला येते, हे तुम्हाला सांगायला नको.

शेतपक्ष: नको. प्रतवारीने भार हलक्या जमिनीकडे सरकतो, याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. धूळ आणि विहीर यांची भरपाई बांधाबाहेरही द्यावी, एवढंच म्हणता येतं. त्याने गाव उठायचं थांबत नाही. पण तुम्ही विहिरीचा विषय काढलात, तर विस्ताराकडे या. नव्या खाणीपेक्षा विस्ताराची गोष्ट वाईट. पहिल्या टप्प्यात पाणी खाली गेलेलं असतं, दुसऱ्या टप्प्याची मोजणी त्यानंतर होते. खाणीनेच बिघडवलेली जमीन मग खाणीसाठी योग्य ठरते. तेव्हा आधार पहिल्या खड्ड्याआधीच्या नोंदींचा हवा: जुने बंदोबस्त, गाव नमुना 12 मधले पेरे.

खाणपक्ष: आणि त्या नोंदींनी खाण थांबेल? 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 10 बहुपिकी ओलिताची जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्या, असं सांगतं. तुमची कोरडवाहू काळी त्यात बसतच नाही. शिवाय वेकोलि जमीन घेते 1957 च्या कोळसा क्षेत्र कायद्याने, आणि तो 2013 च्या कायद्याने आपल्या चौथ्या अनुसूचीत टाकून बाजूला ठेवलाय. 2015 मध्ये मोबदला आणि पुनर्वसन त्याला लागू केलं, कलम 10 नाही.

शेतपक्ष: इथल्या कायद्यात नाही, पण दुसरीकडे आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये खाणीआधी उतार, खोली, क्षारता तपासून शेतजमिनीची प्रत ठरवण्याची पद्धत आहे. तिथल्या लिव्हरपूल प्लेन्सची माती आपल्या काळीचीच जात. शेनहुआ या परक्या कंपनीच्या नियोजित खाणीचं तिथलं क्षेत्र सरकारने 2017 मध्ये 26.2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून निम्म्याहून जास्त परत घेतलं. घेतलेला भाग मुख्यतः काळ्या सपाटीचा होता. काळी कुठे संपते हेच ठाऊक नसतं, तर रेघ कुठे मारली असती?

खाणपक्ष: त्याच पद्धतीत माती तपासणाऱ्या मंडळाला अटी घालता येतात, नकार देता येत नाही. थांबवलं ते पैशाने. तिथे खाण परक्या कंपनीची होती, म्हणून सरकारला ती विकत घेऊन थांबवता आली. इथे कंपनी सरकारची, परवानगी सरकारची, वीजही बहुतेक सरकारी केंद्राची. कोणी कोणाला पैसे द्यायचे?