अखंड गती आणि कृत्रिम पायऱ्या

वैचारिक लेखांच्या या त्रैमासिकात मोटारीच्या गिअरविषयी लेख यावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु गेली तीन वर्षे आमच्या घरी जी एसयूव्ही आहे, तिने माझ्यापुढे एक प्रश्न उभा केला आहे आणि तो यंत्रशास्त्राचा नाही. जे बदल सलग घडतात, त्यांवर मनुष्याने आपल्या समाधानासाठी पायऱ्या कल्पाव्यात काय? आणि कल्पल्याच, तर त्यांना खरे म्हणावे की खोटे?

आमच्या गाडीत सीव्हीटी नावाची व्यवस्था आहे. नेहमीच्या गाडीत दातेरी चक्रांच्या पाच-सहा ठरावीक जोड्या असतात. एक सोडून दुसरी धरायची, एवढाच गिअर बदलण्याचा अर्थ. सीव्हीटीत अशा जोड्याच नाहीत. दोन कप्प्या असतात आणि प्रत्येक कप्पी दोन शंकूंची, समोरासमोर ठेवलेली. त्यांच्या खाचेतून पोलादी पट्टा फिरतो. शंकू जवळ सरकले की पट्टा कडेकडे चढतो, दूर गेले की आसाकडे उतरतो. एका कप्पीवर तो चढत असताना दुसरीवर उतरत असतो. पहिला गिअर आणि दुसरा गिअर यांच्यामधली, जुन्या गाडीला कधीच न सापडणारी प्रत्येक जागा या गाडीला मोकळी असते. हा पट्टा शेकडो पातळ पोलादी तुकडे एकामागे एक लावून केलेला असतो आणि तो ओढून नव्हे तर ढकलून शक्ती पोचवतो, हे कळले तेव्हा मला त्या कारागिरीचे फार कौतुक वाटले.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. हॉलंडमधील हुब व्हान डोर्ने यांच्या दाफ कारखान्याने १९५८ साली रबरी पट्ट्यावर चालणारी अशी मोटार लोकांपुढे आणली. आपल्याकडे पुण्याच्या कायनेटिक कंपनीने जपानच्या होंडाबरोबर १९८४ साली भागीदारी केली आणि आपल्याच प्रदेशातील पिथमपूरच्या कारखान्यातून गिअर नसलेली स्कूटर बाहेर पडू लागली. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात तीच आमची स्कूटर होती. आत हेच तत्त्व होते, फक्त शंकू सरकवण्याचे काम वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या लहान रोलरांकडे होते. तिच्या आवाजाबद्दल कुणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

मोटारीच्या बाबतीत मात्र तक्रार झाली, आणि जगभर झाली. कारण असे, की चढावर किंवा पुढच्या वाहनाला ओलांडताना अॅक्सिलरेटर दाबला, की इंजिन त्याला सर्वांत सोयीच्या फेऱ्यांवर जाऊन थांबते आणि तिथेच राहते. वेग मागून सावकाश वाढत येतो. इंजिनाच्या दृष्टीने हेच योग्य, पण कानाला ते विपरीत वाटते. आवाज चढला की वेग वाढला, आवाज उतरला की गिअर पडला, या संगतीवर आपला कान वाढला आहे. पहिल्याच प्रवासात आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, गाडी रागावली की काय? नुसती ओरडते आहे, पळत तर नाही.” गाडी पळत होती. काटा ऐंशीच्या पुढे गेला होता.

यावर कारखानदारांनी जो उपाय काढला, तोच माझ्या प्रश्नाचे मूळ आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अनेक कंपन्यांनी संगणकाकरवी अशी योजना केली, की जोरात अॅक्सिलरेटर दाबल्यावर पट्ट्याने सलग न सरकता थांबून थांबून सरकावे. इंजिनाच्या फेऱ्या चढतात, एकदम उतरतात, पुन्हा चढतात. गिअर पडल्याचा भास होतो. ज्या यंत्राची सारी थोरवी पायऱ्या नसण्यात, त्याच्यावर नसलेल्या पायऱ्यांचे सोंग चढवले. या सोंगासाठी इंजिनाला आपली उत्तम जागा क्षणभर सोडावी लागते, म्हणजे थोडे नुकसानही सोसावे लागते. शर्यतींच्या जगात तर याहून कठोर निर्णय झाला. विल्यम्स संघाने १९९३ साली फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून चाचणी घेतली आणि १९९४ च्या नियमांनी ती शर्यतीत उतरण्यापूर्वीच बंद केली.

मुलगा म्हणतो, “बाबा, यात एवढे काय? मोबाईलच्या कॅमेऱ्यात पडदा उघडण्या-मिटण्याचा आवाज येतो, तोही खोटाच ना?” त्याचे म्हणणे टाकाऊ नाही. मनुष्याला सलगता दिसत नाही. त्याला खुणा लागतात. आपल्या कुंडी भंडाऱ्याकडेच पाहा. सतराव्या शतकाच्या आरंभी, खानखानान अब्दुर रहीम यांच्या काळात बांधलेली ही जलव्यवस्था २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, म्हणून सध्या तिची पुष्कळ चर्चा आहे. वरून पाहणाऱ्याला एकामागे एक वेगवेगळ्या कुंड्या दिसतात. सुमारे ८० फूट खाली उतरलेल्याला मात्र हलक्या उतारावरून वाहणारे एकच पाणी दिसते. कुंड्या खोट्या नाहीत. त्यांच्यावाचून ते पाणी कुणाच्या हाती लागले नसते. पण पाणी कुंडीकुंडीने वाहते असे मात्र कुणी समजू नये.

योगसूत्रांच्या शेवटच्या पादात क्रमाची चर्चा आहे. क्षणाक्षणाने होणारा बदल त्या त्या क्षणी कळत नाही, तो परिणामाच्या अखेरीस कळतो, असा तिचा आशय. व्यासभाष्यात त्यासाठी वस्त्राचा दृष्टान्त दिला आहे: नवे वस्त्र अखेरीस जुने दिसते ते एकाएकी जुने झालेले नसते. विणकरांच्या आपल्या गावात हा दृष्टान्त अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा पायऱ्या हव्यात, इथवर मुलाशी माझा वाद नाही. माझी शंका पुढची आहे. पायरी कुणाच्या सोयीसाठी घातली आणि तिची किंमत कोण देतो?

महसूल खात्यात माझी उमेद गेली. वादळ आले की केळीच्या बागा आडव्या होतात, हे या जिल्ह्यात नवे नाही. पटवारी शेतावर जातो, पंचनामा होतो, नुकसानीची टक्केवारी लिहिली जाते. केंद्र शासनाच्या निकषांत २०१५ पूर्वी पिकाचे नुकसान ५० टक्के भरले तरच मदत मिळे. त्या वर्षी ती मर्यादा ३३ टक्क्यांवर आणली. हजारो शेतकऱ्यांना त्याने आधार मिळाला, हे निःसंशय. परंतु वारा टक्केवारी पाहून वाहत नाही. बागेच्या एका कडेला खांब पडलेले, मध्ये वाकलेले, दुसऱ्या कडेला उभे असतात. बत्तीस आणि तेहतीस यांच्यात शेतात कोणतीही रेघ नसते. ती कागदावर असते. मर्यादेवाचून प्रशासन चालणार नाही, हे मी आजही ठामपणे म्हणेन. प्रत्येक खांबागणिक मदत मोजू लागलो तर पुढचे वादळ येईपर्यंत पहिली यादी पुरी होणार नाही. तथापि, बत्तीस टक्केवाल्याला “आपले नुकसान झालेले नाही” असे सांगणे आणि “आपले नुकसान झाले आहे, पण आम्ही आखलेल्या रेघेच्या अलीकडे राहिले” असे सांगणे, यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यात रेघ आखणारा हात लपवलेला असतो. शासकीय पत्रांची भाषा बहुधा पहिल्याच प्रकारची असते.

मोटारीतील पायरी त्या मानाने निरुपद्रवी. तिचे सुख आम्हाला मिळते, पेट्रोलही आमचेच थोडे अधिक जळते. शिवाय फसवणूक म्हणावी, तर फसवा म्हणून सांगणारे गिऱ्हाईकच होते. विक्रेत्याने गाडी देताना “ही पायरी मुद्दाम घातलेली आहे” एवढे सांगितले असते, तर माझी तेवढीही तक्रार राहिली नसती. शेतकऱ्याने मात्र तेहतीसची रेघ मागितलेली नव्हती. रेघ आखणाऱ्याची सोय आणि रेघेपलीकडे राहिलेल्याची झळ, ही जोडी मला नैतिकदृष्ट्या अस्वस्थ करते. गाडीचा खोटा गिअर नव्हे.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. असीरगडाचा घाट उतरताना दांडा नेहमीच्या जागी ठेवला, तर सीव्हीटीची गाडी इंजिनाचा अडसर फारसा न घेता अलगद सुटत जाते आणि ब्रेकवर सारा भार पडतो. तेव्हा दांडा खालच्या जागी आणावा लागतो. इंजिन गुरगुरते, मागे बसलेल्यांना धक्का जाणवतो आणि गाडी आवरली जाते. म्हणजे मऊपणा हाही नेहमी खराच असतो असे नाही. जिथे आपण उतरतो आहोत तिथे काहीच न जाणवणे, हीदेखील एक फसवणूक होऊ शकते.

१७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. त्या सुमारास व त्यानंतर येथे वसलेल्या आपल्या घरांना हे विशेष लागू पडते. आमच्या घरातल्या ‘येतो आहे’चे ‘येऊन राहिला’ कोणत्या वर्षी झाले? असे वर्ष नाही. हिंदीचा कुणी आमच्यावर जुलूम केला नाही. शाळा, कचेरी, बाजार, शेजार यांतून ती प्रेमानेच आली, आणि तिच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. प्रत्येक पिढीला आपण आधीच्या पिढीइतकेच मराठी बोलतो असे वाटत आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. ती पायरी कागदावरची होती, हे पेढे घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणून तिच्यात खोटेपणा नव्हता. उलट घरात रोज जे सरकत होते, त्यावर कधी कुणी खूण केली नाही.

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना १९८६ सालची एक कॅसेट सापडली. माझ्या आत्याने कुणाच्या तरी आग्रहावरून घरच्या जुन्या हकिकती सांगितल्या होत्या. मुलाने ती कशीबशी संगणकावर उतरवून घेतली आणि आम्ही सारे ऐकत बसलो. पाच-सात मिनिटांनी नऊ वर्षांच्या नातीने विचारले, “आजोबा, या आजी कुठल्या गावच्या?” मी म्हणालो, याच गावच्या, मागच्या खोलीत जन्मल्या. तिने आईकडे पाहिले. मी तिची चेष्टा करतो आहे, असे तिला वाटले असावे.