आधीच खूण केलेला चौकोन

आमच्या वडोदऱ्याच्या अभ्यासवर्गात मागच्या महिन्यात शुद्ध उपजीविकेवर चर्चा झाली. वर्गात कापडाचे व्यापारी आहेत, एक शिक्षिका आहेत, दोन निवृत्त बँक कर्मचारी आहेत. आपापल्या कामात अशुद्ध पैसा कुठल्या दाराने येतो, हे सगळ्यांनी मोकळेपणाने सांगितले. मापातले पाप, खोटे बिल, टेबलाखालचे कमिशन. मला मात्र सारखी दादाची आठवण येत होती.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. बंगळुरूला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गेली कित्येक वर्षे पैशांच्या व्यवहाराची ॲप्स बनवतो. त्याच्या हातात तराजू नाही, त्याला कोणी लाच देत नाही. पगार कर कापून खात्यात जमा होतो. मग त्याच्या कमाईत अशुद्ध काय असणार? हा प्रश्न मी काढलेला नाही, त्याचाच आहे. गेल्या दिवाळीत त्याने तो मला विचारला. त्याची परवानगी घेऊनच इथे लिहिते आहे.

त्याची पहिली नोकरी पेमेंटच्या कामाची होती. यूपीआय सुरू झाले २०१६ साली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी आली, तेव्हाचा तो काळ. त्याचे काम वर्णन करायला सोपे आणि करायला अवघड होते. आपण भाजीवाल्याला ४० रुपये पाठवतो आणि नेमकी तेव्हाच रेंज जाते. पैसे निघाले की नाही हे ॲपला कळत नाही, म्हणून ते पुन्हा विचारणा करते. अशा वेळी ४० चे ८० कापले जाऊ नयेत, यासाठी प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक देतात. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवा व्यवहार करायचा नाही. आणि एका खात्यातून निघालेले पण दुसऱ्यात न पोहोचलेले पैसे आपोआप परत यायला हवेत. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने यासाठी मुदतच घालून दिली. एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले पैसे असे अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. या कामापायी दादाने किती रात्री जागून काढल्या याला गणती नाही. ज्याचे ४० रुपये वाचले त्याला ते कधी कळलेही नाही. दादा म्हणतो, त्या वर्षांत मी ध्यानाला बसायचो नाही, पण झोप शांत लागायची.

नंतर त्याने नोकरी बदलली. मावशीचे औषधपाणी, घराचा हप्ता. कारणे आपल्या सगळ्यांच्या घरात असतात तीच. नवी कंपनी मोबाइलवरून छोटी कर्जे मिळवून देणारी होती. तिथे एके दिवशी त्याच्याकडे काम आले: कर्जाच्या शेवटच्या स्क्रीनवर विम्याचा एक चौकोन घालायचा आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली ठेवायची. ज्याला विमा नको त्याने ती काढावी.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे हे ऐकल्यावर आधी कागद-पेन्सिल घेतली. समजा, एकाने १०,००० रुपये ३० दिवसांसाठी घेतले, व्याज महिना २ टक्के. ऐकायला बरे वाटते. प्रक्रिया शुल्क ३ टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून ३५४ रुपये आधीच कापले. चौकोनातला विमा १९९ रुपये. हातात आले ९,४४७ आणि महिन्याने भरायचे १०,२००. वर्षाचा दर काढला तर जवळजवळ ९७ टक्के येतो. चौकोन रिकामा असता तर साधारण ७० टक्के. (७० सुद्धा कमी नाहीत, पण तो वेगळा विषय.) आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, मात्र हिशेबाची रीत हीच. दादाचे त्या दिवसाचे सगळे काम एका शब्दाचे होते: 'नाही' च्या जागी 'होय'.

त्याने बैठकीत विचारले होते, ही खूण काढू या का? उत्तर मिळाले की दोन्ही प्रकार अर्ध्या-अर्ध्या ग्राहकांना दाखवून पाहिले आहेत, रिकाम्या चौकोनात विमा घेणारे फारच थोडे. हे उत्तर नीट वाचावे असे मला वाटते. विचारले असते तर बहुतेकांनी नको म्हटले असते, हे कंपनीला माहीत होते. म्हणूनच विचारले नाही. दादाने काम पूर्ण केले.

काही महिन्यांनी त्याच्या इमारतीचे राखणदार काका फोन घेऊन त्याच्याकडे आले. "साहेब, हे १९९ कशाचे? मी कुठे हो म्हटले?" स्क्रीन दादानेच बनवलेली होती. दादाने विमा म्हणजे काय ते समजावले, काकांनी मान डोलावली आणि आभार मानून गेले. ते आभार अजून टोचतात, असे दादा म्हणाला.

आता प्रश्न असा की यात दादाचा वाटा किती? कल्पना एकाची, चित्र दुसऱ्याने काढले, कायदा विभागाने पाहिले, कोड दादाने लिहिला, तपासणी आणखी कोणी केली. दहा जणांत वाटले तर प्रत्येकाला दहावा हिस्सा येईल का? आम्हाला १९३२ चा भागीदारी कायदा शिकवतात. त्यात फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार सर्वांसोबत जबाबदार असतो आणि एकटाही पूर्ण जबाबदार असतो. घेणेकरी कोणत्याही एका भागीदाराकडे सगळी रक्कम मागू शकतो. नोकर हा भागीदार नव्हे, हे परीक्षेत मीही लिहीन. पण राखणदार काकांचे १९९ रुपये दहा ठिकाणांहून थोडे थोडे गेले नव्हते, एकदम आणि पूर्ण गेले होते.

इथे साधकाच्या मनात एक सोयीचा विचार येतो, तो माझ्याही आला होता. कर्म करावे, फळाकडे पाहू नये; मग दिलेले काम निष्ठेने केले की झाले. मला हे पटेनासे झाले आहे. ज्या फळाची आसक्ती सोडायची ते माझ्या वाट्याचे फळ: पगारवाढ, शाबासकी, बढती. माझ्या कर्माने दुसऱ्याच्या ताटातले काय गेले, ते माझे फळ नव्हे, तो माझ्या कर्माचाच भाग आहे. त्याकडे न पाहणे ही अनासक्ती कशी म्हणायची? दादाच्या बाबतीत तर उलटेच घडले होते. पगार धरून ठेवला होता आणि राखणदार काका सोडून दिले होते.

कर्ज देणे वाईट, असे मी म्हणत नाही. तुकाराम महाराजांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली आणि धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला, असे परंपरा सांगते. मला त्यात भावाचा वाटा वेगळा काढणे फार महत्त्वाचे वाटते. जेवढे आपल्या हातात होते तेवढेच त्यांनी सोडले, पण तेवढे सगळे सोडले. जुन्या खतांची दुसरी आठवण मे १८७५ मधली, बारामतीजवळच्या सुप्याची. तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडची खते आणि वह्या हिसकावून जाळल्या. वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवलेली कितीतरी माणसे त्या काळी होती. आज राखणदार काकांना वाचता येते, पण वाचण्याची गरज भासू नये अशीच स्क्रीन रचलेली असते. सावकाराला निदान ऋणको समोर बसलेला दिसायचा. दादाला टक्केवारी दिसते.

पुढे नियम आले. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचा एकूण वार्षिक खर्च एका जागी दाखवणे बंधनकारक केले, ग्राहकाच्या फोनमधली नावांची यादी चाळण्यास मनाई केली, आणि मन बदलले तर दंड न भरता बाहेर पडण्याची मुदतही दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावे देऊन निषिद्ध ठरवले. न विचारता टोपलीत वस्तू टाकणे त्यांतलेच. मग दादाच्या कंपनीनेही खूण काढली. काढण्याचे काम त्याच्याकडेच आले. दहा मिनिटे लागली म्हणे. मी त्याचे अभिनंदन केले तर तो म्हणाला, "कायद्याने काढली गं, मी नाही." तो अजून तिथेच आहे. आता अशी कामे आली की आपली हरकत लेखी नोंदवतो. कधी ऐकतात, कधी नाही. नोकरी सोडावी का, यावर आमचे एकमत झालेले नाही. त्याची जागा घेणारा विचारणारही नाही, असे तो म्हणतो. यात तथ्य किती आणि पगाराचा आवाज किती, हे त्यालाही सांगता येत नाही.

दादाला मी त्या रात्री बरेच ऐकवले. मग गेल्या आठवड्यात माझ्याकडे शिबिराच्या नोंदणी अर्जाचे भाषांतर आले. शेवटच्या ओळीत मासिकाच्या वार्षिक वर्गणीचा चौकोन होता, आणि त्यात आधीच खूण. मी ओळीचे मराठी केले, शुद्धलेखन तपासले, पाठवून दिले. मी तर फक्त भाषांतर करते. रात्री अंथरुणावर पडल्यावर हे वाक्य कोणाचे आहे ते लक्षात आले.

सकाळी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हिंदी पानावर वर्षानुवर्षे तसेच आहे, वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मी म्हटले, ते मला माहीत आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काढू या. वर्गणीदार कमी होतील हं."

कमी झाले आहेत.