पुन्हां पुन्हां पडणाऱ्याचा पश्चात्ताप

भागवताच्या सहाव्या स्कंधाच्या आरंभीं परीक्षिति राजा शुकाचार्यांना मोठा अडचणीचा प्रश्न विचारतो. पाप अहितकर आहे हें मनुष्य डोळ्यांनीं पाहतो, कानांनीं ऐकतो, प्रायश्चित्तही घेतो, आणि परत तेंच पाप करितो. मग त्या प्रायश्चित्ताचा उपयोग काय? राजाच्या मतें तें हत्तीच्या स्नानासारखें व्यर्थ आहे. हत्ती नदींतून धुवून निघतो आणि कांठावर येतांच सोंडेनें अंगावर धूळ उडवून घेतो. गजस्नान हा शब्द आपण एरव्हीं सहज वापरतों. त्याच्या मुळाशीं केवढें नैराश्य आहे इकडे आपलें लक्ष जात नाहीं.

हाच प्रश्न कांहीं वर्षांपूर्वीं मला चिंचवडांत एका ख्रिस्ती गृहस्थानें विचारला. चिंचवड म्हटलें कीं पवनेचा कांठ आणि मोरया गोसावींची समाधि डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु १९५४ सालीं शेजारच्या पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, त्यामागून यंत्रांचे आणि मोटारींचे कारखाने आले, आणि त्यांच्या भोंग्यांबरोबर नगरकडील मराठी ख्रिस्ती, गोमंतकीय, मल्याळी, तामीळ अशी नाना प्रकारची मंडळी येथें येऊन राहिली. हे गृहस्थ नगरकडचे. लेथवर काम करणारे, हाताचे कसबी, स्वभावानें गोड. व्यसन एकच, दारूचें. दर वर्षीं उपवासकाळांत ते शपथ घेत, ईस्टरपर्यंत ती पाळीत, आणि पुढच्या एखाद्या पगाराच्या दिवशीं ती मोडे. ते मला म्हणाले, “मास्तर, मी देवळांत रडतों तें खोटें नाहीं. पण पितों तेंही खोटें नाहीं. आतां तुम्हीच सांगा, माझें तारण झालें आहे कीं नाहीं?” मीं त्यांना तेव्हां कांहींतरी बरेंसें उत्तर दिलें. तें पोकळ होतें हें मला घरीं पोहोंचण्यापूर्वींच कळलें. हा लेख त्या उत्तराची उशिरा केलेली भरपाई आहे, असें कोणीं म्हटलें तरी माझी हरकत नाहीं.

प्रश्न नवा नाहीं. ख्रिस्ती मंडळी पहिल्या दोनतीन शतकांतच त्याला अडखळली. बाप्तिस्म्यानें मागचीं पापें धुवून जातात, हें ठीक. पण नंतरच्या पापांचें काय? ‘हर्मासचा मेंढपाळ’ या दुसऱ्या शतकांतील ग्रंथांत बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची आणखी एकच संधि सांगितली आहे. अशा शिकवणीचा परिणाम असा झाला कीं, धोरणी लोकांनीं बाप्तिस्माच लांबणीवर टाकला. कॉन्स्टंटाइन बादशहानें ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला त्याला पंचवीस वर्षें होत आलीं, तरी स्वतःचा बाप्तिस्मा त्यानें ३३७ सालीं मरणशय्येवर घेतला. तारण म्हणजे जणुं एकदांच वटणारी हुंडी, ती शेवटच्या दिवसापर्यंत जपून ठेवावी! व्यवहार म्हणून ही युक्ति बिनचूक आहे, आणि बिनचूक आहे म्हणूनच ती धर्म नव्हे.

त्याच्या आधीं, २५० च्या सुमारास, डेसियस बादशहाच्या छळांत जीवाच्या भीतीनें ज्यांनीं रोमन देवांपुढें धूप जाळला, त्यांना परत घ्यावें कीं नाहीं यावर मोठा तंटा माजला. नोव्हेशियन म्हणे, मंडळीनें त्यांना परत घेऊंच नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणे, तपश्चर्या करून येतील तर घ्यावें. मंडळीनें सिप्रियनचें ऐकलें. हा सिप्रियन स्वतः त्याच छळांत लपून राहिला होता, आणि त्याबद्दल त्याला टोमणेही सोसावे लागले. क्षमेचा पक्ष घेणाऱ्याला पडण्याचा थोडा अनुभव असावा लागतो कीं काय, न कळे. पुढें २५८ सालीं त्यानें धर्मासाठीं शिरच्छेद पत्करला.

ल्यूथरनें १५१७ च्या आपल्या पंचाण्णव कलमांपैकीं पहिल्याच कलमांत पश्चात्ताप हा एका दिवसाचा विधि नसून साऱ्या आयुष्याचा आहे, असा अर्थ मांडला. उलट ट्रेंटच्या परिषदेनें १५४७ सालीं बजावलें कीं, विशेष साक्षात्काराखेरीज आपण तरलोंच अशी निश्चित खातरी कोणीं बाळगूं नये. या वादाचा तपशील येथें नको. आमच्या लेथवरच्या गृहस्थांना तो ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असता तरी पगाराच्या दिवशीं आठवला नसता.

आपल्या महाराष्ट्रांत या प्रश्नाचीं दोन उदाहरणें अगदीं शेजारींशेजारीं आहेत. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. परंतु सुमारें आठ वर्षांनीं त्यांना असें उमगलें कीं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाहीं. १८९१ नंतर त्यांच्या ठायीं जी निःशंक खातरी दिसते ती १९२२ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत टिकली. १९०५ सालीं केडगांवच्या मुक्तिमिशनमध्यें मुली पापांच्या जाणिवेनें आक्रोश करूं लागल्या, कबुली देऊं लागल्या, आणि मग आनंदानें गाऊं लागल्या. तेथेंही तीच तऱ्हा, अमुक दिवशीं अंधार, अमुक दिवशीं उजेड. ज्यांना अशी तारीख सांगतां येते त्यांचा हेवा वाटावा. पण ज्याच्याजवळ पंचवीस तारखा आहेत, आणि प्रत्येकीच्या पाठोपाठ एक पगाराचा दिवस आहे, त्यानें काय करावें?

त्याला दुसरें उदाहरण अधिक कामाचें. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना टिळकांचा राग ठाऊक आहे, तडकाफडकीं घराबाहेर पडणें ठाऊक आहे, आणि क्षणांत विरघळणेंही ठाऊक आहे. मला या ग्रंथाचें मोल असें वाटतें कीं, बाप्तिस्म्याच्या दिवशीं हा राग संपला असें लक्ष्मीबाई भासवीत नाहींत. टिळक बदलले हें त्या दाखवितात, टिळक तेच राहिले हेंही दाखवितात, आणि दोहोंच्या मध्यें जोडकाम करीत बसत नाहींत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक म्हणत. देहू चिंचवडाहून दूर नाहीं. स्वतःला पतित म्हणवून घेतांना तुकोबा नुसता भूतकाळ वापरीत नाहींत, हें टिळकांनीं नीट ऐकलें असलें पाहिजे.

आतां मूळ प्रश्न. पुन्हां पाप घडलें म्हणजे आधींचा पश्चात्ताप खोटाच होता, असें कडक लोक म्हणतात. मला हें पटत नाहीं. तापांतून उठलेला मनुष्य पुन्हां तापानें पडला, म्हणून त्याचें मधलें बरें होणें खोटें ठरत नाहीं. शिवाय या मतांत एक घातक गोम आहे: तें तारणाचा सारा भार पश्चात्तापाच्या प्रतीवर टाकतें. मग मनुष्य देवाकडे पाहण्याचें सोडून आपल्याच अश्रूंचा कस लावीत बसतो. हरि केशवजींनीं १८४१ सालीं ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें मराठींत आणलेल्या बन्यनच्या ग्रंथांत लोखंडी पिंजऱ्यांत बसलेला एक मनुष्य आहे. आपलें अंतःकरण इतकें कठीण झालें कीं आतां पश्चात्तापच करतां येत नाहीं, अशी त्याची खातरी. त्या पिंजऱ्याचे गज त्याच्या स्वतःच्या हिशेबाचे आहेत असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

पेत्र आणि यहूदा या दोघांनींही एकाच रात्रीं गुरूचा विश्वासघात केला. पश्चात्तापाचीं बाह्य लक्षणें मोजलीं तर यहूदाचेंच पारडें जड: त्यानें अपराध कबूल केला, आणि चांदीचीं तीस नाणीं परत नेऊन टाकलीं. पेत्र नुसता रडला. परंतु पेत्र पुढें सोबत्यांत राहिला, आणि ज्याला नाकारलें तोच समुद्रकांठीं भेटला तेव्हां त्याच्या प्रश्नाला लाजत कां होईना, उत्तर देत राहिला. यहूदानें आपला निकाल आपणच लावून टाकला.

ढिले लोक याच्या उलट टोंकाला जातात. क्षमा ठरलेलीच आहे, मग काळजी कसली? पौलाला हा आक्षेप ठाऊक होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत त्यानें तो तीव्रपणें फेटाळला, आणि लगेच सातव्यांत, करावेंसें वाटतें एक आणि हातून होतें भलतेंच, अशी कबुली दिली. तो तेथें विश्वासी माणसाविषयीं बोलतो कीं विश्वासापूर्वींच्या, यावर टीकाकार अद्याप भांडतात. ऑगस्टीननें तर आपलें स्वतःचेंच मत मध्येंच बदललें. मला एवढें दिसतें कीं, पापाशीं ज्याचें भांडण चालू आहे तो हरत असला तरी त्याची गोष्ट वेगळी, आणि पापाशीं ज्यानें समेट केला त्याची वेगळी. दुसऱ्याला खातरी देणें म्हणजे झोपेचें औषध देणें होय.

परंतु या साऱ्या चर्चेंत एक व्यक्ति दाराबाहेरच उभी राहते, ती त्या गृहस्थांची पत्नी. पडणारा पडतो, रडतो, क्षमा पावतो आणि हलका होतो. पण त्या प्रत्येक खेपेचा किराणा तिला उधार आणावा लागतो. देवाची क्षमा ही तिच्यावर काढलेली वरात नव्हे. जक्कयानें येशूला घरीं घेतलें तेव्हां ज्यांना लुबाडलें त्यांना चौपट परत देण्याचें कबूल केलें. त्या चौपटीनें त्यानें तारण विकत घेतलें नाहीं, तसें विकत मिळत असतें तर यहूदालाही मिळालें असतें. ती रक्कम मुळांत त्या लोकांचीच होती. म्हणून पत्नीनें क्षमा केली तरी पगाराचें पाकीट पुन्हां त्याच्याच हातीं द्यावें असें होत नाहीं. क्षमा एका रात्रींत होऊं शकते, भरंवसा बसायला वर्षें लागतात, आणि तीं वर्षें मोजण्याचा अधिकार तिचा आहे. हें आमचे उपदेशक क्वचितच बोलून दाखवितात, याचा मला राग येतो.

हें सारें पुढें एकदां मीं त्या गृहस्थांना सांगितलें. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मीं देवळांत जायचें, आणि पगार हिनें सांभाळायचा?” मीं म्हटलें, होय, तसेंच. पगार बँकेंत जमा होऊं लागला होता. बँकेचें पुस्तक त्या महिन्यापासून बाईंच्या पेटींत गेलें. त्यानंतरही ते दोनदां पडले, आणि दोन्ही वेळां पुढच्या रविवारीं देवळांत मागच्या बांकावर येऊन बसले. दुसऱ्या वेळीं बाई त्यांच्या शेजारीं बसल्या होत्या.