फुटामागे सहा रुपये

घराच्या आतल्या भिंती आपण आपल्यासाठी रंगवतो. बाहेरच्या भिंतीचे तसे नाही. ती माझी असली तरी मला दिसत नाही. मी ओट्यावर बसतो तेव्हा दिसते ती समोरच्या शेजाऱ्यांची भिंत, आणि त्यांना दिसते ती माझी. म्हणजे जन्मभर आपण एकमेकांच्या डोळ्यांसाठी खर्च करत असतो. यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. दारातली रांगोळी तरी आपण कोणासाठी काढतो? पण जी गोष्ट मुळात दुसऱ्याने पाहावी म्हणून करायची, तिची किंमत कोणी मोजायची आणि कशात मोजायची, हा प्रश्न गेल्या दिवाळीआधी माझ्यापुढे आला तो चक्क एका अंदाजपत्रकाच्या रूपाने.

आम्ही सुरतेत अडाजणला राहतो. कोपऱ्यावरचे रो-हाऊस, तळमजला, वर दोन मजले, त्यावर गच्चीचा कठडा. कोपऱ्यावरचे म्हणून तीन भिंती उघड्या. त्यांतली एक थेट नैऋत्येला, त्यामुळे आषाढ-श्रावणाचा सगळा मारा तिच्यावर. कठड्यापासून खाली शेवाळाचे काळे ओघळ आले होते. मोजणी झाली ती सुमारे 2,700 चौरस फूट. दोन कंत्राटदारांनी भाव दिले. एकाने मालासकट फुटाला 22 रुपये सांगितले, दुसऱ्याने 28. कंपनी तीच, डबा तोच, प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात हेही तेच. एका लिटरात दोन हात मिळून पन्नास-पंचावन्न फूट भिंत होते, तेव्हा मालातही कोणी कोणाला फसवत नव्हते. मग 16,200 रुपयांचा फरक आला कुठून?

दुसऱ्याने शांतपणे सांगितले : बांबू. तो भिंतीला परांची बांधणार होता. इकडे तिला पालख म्हणतात. पहिला झुल्यावर काम करणार होता. झुला हे नाव गोड आहे. एक फळी, दोन दोर, आणि दोरांची टोके गच्चीवर टाकीच्या खांबाला बांधलेली. फळीवर माणूस, माणसाच्या हाती रोलर, कडीला अडकवलेला रंगाचा डबा. बत्तीस फुटांची भिंत तो वरून खाली अशी उतरत येतो. म्हणजे दोन कागदांमधला फरक रंगाचा नव्हताच. एका माणसाच्या पायाखाली काय असावे, त्याचा तो भाव होता, आणि तो फुटामागे सहा रुपये होता.

आमच्याकडे खानदेशात, माझ्या लहानपणी, हा प्रश्न उद्भवतच नसे. दिवाळीआधी बायका पांढऱ्या मातीने भिंती पोतारत, खाली गेरूचा पट्टा ओढत. पुढे चुना आला. पिंपात कळीचा चुना विरवायचा, तो खदखदून शांत झाला की त्यात थोडी नीळ, थोडा डिंक, आणि घायपाताचा कुंचा. आई उपड्या घमेल्यावर उभी राहून हात पोचेल तिथवर मारी. वरच्या पट्टीला वडील शिडी लावत. कोणी घसरलेच तर कोपर खरचटे. ज्यांचे घर त्यांचेच हात, आणि घराची उंचीही त्या हातांच्या बेताची. घर उंच झाले तसा कुंचा घरधन्याच्या हातून सुटला. सोय झाली यात शंका नाही. पण उंची माझी आणि पडण्याचे भय दुसऱ्याचे, अशी वाटणीही त्याच दिवशी झाली, आणि तिचा उल्लेख कोणत्याच कागदावर आला नाही.

रस्किनने 1860 साली मजुरीवर जे निबंध लिहिले, त्यांचा सारांश गांधीजींनी 1908 मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधून ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत दिला. रस्किनचे म्हणणे असे की मजुरीचा दर ठरलेला असावा. चांगल्या कारागिराला काम मिळावे, वाईटाला मिळू नये. वाईट कारागीर अर्ध्या दरात काम मागतो आणि चांगल्याला हुसकावतो, हा खरा अनर्थ. विचार थोर आहे, पण माझ्या भिंतीपाशी येऊन तो अडला. कारण 22 रुपयांचा माणूस वाईट कारागीर नव्हता. किंबहुना माणूस एकच होता! शिंदखेड्याकडचा एक तिशीतला रंगारी पहिल्या कंत्राटदाराबरोबर भिंत पाहायला आला होता; चार दिवसांनी तोच दुसऱ्याबरोबर आला. नाका एक, हात तेच. स्वस्त होते ते त्याचे कसब नव्हे.

कायद्याने काही सांगितले असते तर मी सुटलो असतो. बांधकाम मजुरांसाठी 1996 साली केंद्राने कायदा केला, पण दहाहून कमी मजुरांचे काम त्यात येत नसे, आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे कामही त्यातून वगळले होते. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेत राहत्या घराची ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली. सरकारचीही बाजू आहे. घरोघरी निरीक्षक कुठून पाठवणार? परंतु त्याचा अर्थ इतकाच की माझ्या ओट्यापाशी कायदा संपतो, आणि पुढे मी व तो रंगारी असे दोघेच उरतो.

त्याला मी विचारले, भीती वाटत नाही का? तो हसला. “दोर शे ना, आबा!” मग त्याने जे सांगितले त्याने माझा सोपा विचार पार विस्कटून टाकला. त्याला कंत्राटदाराकडून फुटावर पैसे मिळतात. परांची बांधण्या-सोडण्यात दोन दिवस जातात, त्या दिवसांत फूट होत नाही. सहा रुपये जातात बांबूवाल्याला. “त्यातले तीन मला द्या, तीन तुम्ही ठेवा, मी दोरावर येतो.” दोघांचाही फायदा, आणि प्रस्ताव खुद्द त्याचा.

अर्थशास्त्राच्या हिशेबाने नाही म्हणायला जागा नव्हती. दोन शहाणी माणसे राजीखुशीने सौदा करतात, तिसऱ्याचे काय जाते? मी दोन दिवस यावर विचार केला. मला वाटते, तीन रुपये हा भाव त्याने ठरवलेला नव्हता. नाक्यावर दोन रुपयांत दोरावर चढणारा दुसरा उभा होता, त्याने तो ठरवला होता. आणि त्याचा भाव बहुधा गावाकडच्या कोरड्या विहिरीने. अशा ठिकाणी राजीखुशी हा शब्द फार ताणला जातो. शिवाय बत्तीस फूट उंचीची हौस त्याची नव्हती.

मी 28 रुपयांचा भाव पत्करला, आणि परांचीच्या दोन दिवसांची रोजी त्याला वेगळी दिली. पत्नी म्हणाली, “द्यायचे तर द्या, पण पुण्य म्हणून वहीत लिहू नका.” ते बरोबरच होते. आमच्याकडचे काम संपवून तो एका सात मजली इमारतीवर गेला. तिथे झुलाच होता.

रंग झाकतो, हा त्याचा गुणच आहे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईचे पाणी सुटून तापी शहरात शिरली, तेव्हा आमच्या भिंतीवर उमटलेली गढूळ रेघ दोनदा रंग देऊनही ओलीबरोबर काही वर्षे डोकावत होती. रंगारी कशावर उभा होता, याची मात्र भिंतीवर एवढीही खूण उरत नाही. बांबू टेकले होते तिथले ठिपकेसुद्धा तो उतरता उतरता भरत आला.

समोरच्या शेजाऱ्यांनी त्याच आठवड्यात पहिल्या कंत्राटदाराकडून 22 रुपयांत काम करून घेतले. आमच्याआधी दोन दिवस संपले, कोणी पडले नाही, आणि रंगही उत्तम बसला आहे. मी तो रोज पाहतो. वसुबारसेच्या संध्याकाळी त्यांनी मला भाव विचारला. मी सांगितला. ते हळहळले. सहा रुपये बांबूचे, असे मी म्हणालो.

“मग बांबू?”

“गेले परत दुकानात.”

“म्हणजे तुमच्याकडे राहिले काय?”

मी त्यांना फराळाला यायचे आमंत्रण दिले.